चावी कुणाच्या घरी?

मी एक चावी बोलतेय. कुलपाची नव्हे हो! गावाचं पाणी सोडायची, कंबरेएवढी लोखंडी चावी. उंब्रजच्या कुतुबुद्दीन मिस्त्रींनी मला जोडलं, तेव्हा बघायला चार माणसं जमली होती. तेव्हापासूनच डोक्यात हवा गेली म्हणा ना!

आमच्या गावात दोन आळ्या आणि दोन पॅनेल. वरच्या आळीचे हंबीरराव सरपंच झाले आणि मला थेट घरी घेऊन गेले. दहा वर्षं पाणी आधी वरच्या आळीला, उरलंसुरलं खालच्या. मला फार वाईट वाटायचं, पण चावीला कोण विचारतो?

परवा निकाल लागला आणि खालच्या आळीची रेश्मा निवडून आली! गुलाल, हलगी, जेसीबीवरून फुलं! भिंतीला टेकून मीही थरथरत होते. ग्रामसेवकांनी तिला शिक्का दिला, दप्तर दिलं, खुर्ची दिली. मी मात्र हंबीररावांच्याच घरी. ते आणून देईनात आणि कुणी मागायला येईना. मागायला जाणारा हलका ठरतो ना! दोन दिवस गावात पाणीच सुटलं नाही.

तिसऱ्या दिवशी जिंकलेली पोरं दारात आली. "दार मोडू, पर चावी न्हेऊ!" रेश्मानं त्यांना मागं हटवलं आणि एकटी आत आली.

"आबा, चावी न्यायला आलेय."

हंबीररावांनी भिंतीशी टेकलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांची बायको अंबूबाई म्हणाली, "द्या की आवं! गावानं तुमास्नी दिलती, आता तिला दिली."

ते उठले. मला खांद्यावर टाकून टाकीकडे निघाले. मागं अख्खं गाव! माझा तर जीव मुठीत.

"उलटी फिरती ही," ते रेश्माला म्हणाले. "साडेतीन आटं. जादा पिळलीस तर पाइप फुटंल." आणि मला तिच्या हातात दिलं.

एक, दोन, तीन आणि अर्धा! खालच्या आळीतून बायका ओरडल्या, "आलं गं, आलं!" काय आनंद झाला म्हणून सांगू!

गलका ओसरल्यावर हंबीररावांनी हळूच विचारलं, "आमच्या आळीला कवा सोडशील?"

दहा वर्षांत हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

"आत्ताच, आबा. ह्यांच्या घागरी भरल्या की लगेच."

पोरं म्हणत होती, चावी आता आपल्या आळीत ठेवू. रेश्मानं मला ग्रामपंचायतीच्या खुंटीला टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

पुढच्या वेळी कुणीही निवडून या, खुशाल गुलाल उधळा. फक्त मला घरी नेऊ नका.