टेबल नेलं, मी उरले

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठं पद उभं राहतं. मी तसली नव्हे. मला ना गादी, ना चाकं, ना गरागरा फिरायची हौस. साधी लाकडी, वेताच्या बैठकीची.

एका अबोल सुताराने आम्हा सहा बहिणींना एकाच महिन्यात घडवलं. मी धाकटी. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आले आणि तपासनीस बाईंच्या वाट्याला गेले. बाई कामात बुडून जायच्या. बाटली उजेडात धरायच्या, आकडे लिहायच्या, मध्येच चपला काढून पाय माझ्या आडव्या पट्टीवर टेकवायच्या. शेजारच्या टेबलावर बाईंचे एक चष्मेवाले सहकारी बसायचे. दोघं डबा एकत्र खायची आणि एकमेकांच्या भाज्यांना नावं ठेवायची. नऊ वर्षं अशी सुखात गेली.

मग नवे साहेब आले. एका वसाहतीच्या टाकीचं पाणी पिण्यालायक नाही, असं बाईंच्या तपासणीत निघालं. टाकी बांधणारा साहेबांच्या ओळखीचा. साहेब टेबलापाशी येऊन गोड आवाजात म्हणाले, अहवाल जरा सौम्य करा. बाईंनी पाय माझ्या पट्टीवर घट्ट दाबले. मला ते कळत होतं. वर आवाज मात्र शांत होता.

"साहेब, हे पाणी घराघरांत जाणार आहे. आकडे आहेत तेच राहतील."

अहवाल तसाच गेला. टाकी बंद झाली, धुतली गेली. आणि साहेबांनी बाईंवर डूख धरला.

आधी सगळ्यांदेखत चुका काढणं सुरू झालं. मग सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची रजा नाकारली. पुढे नमुने येईनासे झाले. बाई दिवसभर रिकाम्या टेबलाकडे बघत बसायच्या. एका सोमवारी त्या आल्या, तर टेबलच जागेवर नव्हतं. तुमची सोय आता कोठीच्या खोलीत, असा निरोप मिळाला. बाईंनी मला उचललं आणि सगळ्यांच्या समोरून चालत नेलं. कुणी मान वर केली नाही. चष्मेवाल्यांनीही नाही.

कोठीत फुटक्या बाटल्या, जुनी रजिस्टरं आणि वर हातभर झरोका. पहिले काही दिवस बाई दाराकडे पाठ करून बसायच्या. रडण्याचा आवाज नसायचा, माझी पाठ तेवढी हलायची. डबा उघडायचा आणि तसाच बंद व्हायचा.

त्यांची थोरली बहीण नर्स. ती फोनवर काय म्हणायची ते बाईंच्या उत्तरांवरून मला समजायचं. नोकरी सोडायची तर सोड, पण आधी घडलेलं सगळं तारखेनिशी लिहून ठेव. आणि झोप उडाली आहे तर डॉक्टरकडे जा, त्यात लाज कसली. बाईंनी दोन्ही केलं. वहीत लिहायला लागल्या: कोण, कधी, काय बोललं, समोर कोण होतं. दुपारी बाहेर जाऊन मोकळ्या हवेत जेवायला लागल्या. एक दिवस पदर खोचून त्यांनी जुनी रजिस्टरंही लावायला घेतली. कामाचा हात रिकामा बसेना, दुसरं काय.

मग त्यांनी वरच्या कार्यालयाला तक्रार लिहिली. महिन्याभराने चौकशीला दोघं आली. त्यातल्या अधिकारी बाई कोठीत शिरल्या, बसायला दुसरं काही नाही म्हणून माझ्यावर बसल्या. इथे किती दिवस, त्यांनी विचारलं. बाईंनी वही पुढे केली. एकशे बारा.

एकेकाला बोलावलं. कुणाला काही आठवेना. कुणी म्हणालं, बाईंनाच शांतता हवी होती. शेवटी चष्मेवाले आले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"टेबल साहेबांनी हलवायला लावलं," ते म्हणाले. "एक टोक शिपायाने धरलं होतं. दुसरं मी."

साहेबांची बदली झाली, एवढंच. बाईंना टेबल मिळालं, नमुने यायला लागले. चष्मेवाल्यांनी एकदा माफी मागितली. बाई म्हणाल्या, "तुम्ही बोललात, ते मी विसरणार नाही. नेलंत, तेही विसरता येत नाही." डबा पुन्हा एकत्र सुरू व्हायला पाच महिने लागले. भाज्यांना नावं मात्र कुणी ठेवली नाहीत.

दोन वर्षांनी बाई दुसऱ्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर गेल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबल्या. आता माझा वेत सैल झालाय, एक हात निखळलाय. दाराशी ठेवलंय मला, आलेगेले टेकतात.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या कचेरीतही कुणी एकटं जेवत असेल. त्याच्याशी फार बोलू नका हवं तर, पण शेजारी जाऊन बसा. मला जागेवरून हलता येत नाही. तुम्हाला येतं.