दाबून रचलेलं गवत

"काडी तुम्ही ओढली नाहीत, एवढंच काय ते खरं. गोठा मात्र तुम्हीच पेटवलात. इथे पंख्याखाली बसून."

शेती सल्ला केंद्राच्या टेबलासमोर उभी राहून थोरली हे म्हणाली, तेव्हा तिच्या उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. अधिकारी सभ्य माणूस. त्याने आधी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

नवरा गेल्यापासून शेती तिच्याच अंगावर पडली होती, आणि केंद्राचा निरोप हाच तिचा आधार. दर आठवड्याला फोनवर यायचा. पेरणी कधी, जनावरांना लस कधी, शेतात साचलेलं पाणी कुठून काढायचं. ती शब्दन्‌शब्द पाळायची. घरात धाकटा भाऊ होता, पण त्याच्या तोंडात शब्द कमी आणि सिगरेट जास्त. सगळे त्याला धुराडंच म्हणत.

या हंगामाचा निरोप आला तो असा: अवेळी पाऊस येतो आहे, गवत ओलसर असतानाच आत घ्या, तुडवून घट्ट दाबा, वर प्लास्टिक ओढा, हवा शिरू देऊ नका. गवत तर नुकतंच कापलेलं, मुठीत धरलं तर तळवा ओला व्हायचा. धुराड्याने कुरकुर केली, दोन उन्हं लागू दे म्हणाला. त्यालाही फार कळत होतं असं नाही, तुडवायचा कंटाळा होता. थोरलीने त्याला तुडवायला गवतावर चढवलंच. एक गंजी गोठ्याला लागून, दुसरी अवजारांच्या कोठीत.

पुढे एकदा तो म्हणाला होता, गवताला तंबाखूसारखा वास येतोय. तुझ्याच मिशांचा असेल, असं म्हणून तिने विषय संपवला.

मग एका भर दुपारी गोठ्याच्या छपरातून धूर निघाला. धुराडं आत घुसलं. दावी कापून त्याने गाई बाहेर हाकलल्या, पण कोपऱ्यातल्या वासरापर्यंत त्याचा हात पोचला नाही. थोड्या वेळाने ते वासरू ओरडायचं थांबलं. तो बाहेर आला. भुवया जळालेल्या, आणि खिशात सिगरेटचं पाकीट. थोरलीला ते पाकीटच दिसलं. सगळ्या शेजाऱ्यांदेखत तिने त्याच्या थोबाडीत मारली. आगलाव्या म्हणाली.

"ताई, मी आत ओढली नाही गं," एवढंच तो म्हणाला.

"मग काय गवताने ओढली?"

कोणीतरी फिस्‌कन हसलं. धुराडं अंगावरच्या कपड्यांनिशी चालू लागलं, आणि तिने त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपाशी गाईंसाठी तिने कोठीचं कुलूप काढलं. किल्ली तिच्या कमरेला होती, आत दुसरं कोणी गेलं नव्हतं. प्लास्टिक उचललं, गंजीत कोपरापर्यंत हात घातला, आणि किंकाळी फोडून मागे कोसळली. उकळत्या पाण्यात घालावा तसा हात भाजून निघाला. भोकातून वाफ आली. मधलं गवत कोळशासारखं काळंठिक्कर. ती जमिनीवर बसून नुसती बघत राहिली. ना काडी, ना माणूस, आणि गवत आपलं आपण जळत होतं. शेजाऱ्याने बादल्या ओतल्या. ती उठली ती सरळ घरोघर गेली: गंज्यांत हात घालू नका, पाणी जवळ ठेवल्याशिवाय उघडू नका. मग इथे.

अधिकाऱ्याने संगणकात निरोप शोधला, वाचला, परत वाचला. त्याचा चेहरा उतरला. मजकूर मुरघासाचा होता, म्हणाला. हिरवी वैरण खड्ड्यात दाबून, हवा बंद करून मुरवतात, त्याचा. मथळा मात्र गवताचा गेला. खड्ड्याबाहेर हवा आत शिरतेच, आणि ओलं गवत रचलं तर आतून तापत जातं, कधी पेटही घेतं.

"पुढच्या आठवड्याच्या निरोपात दुरुस्ती घालू. वरून मंजुरी लागते," तो म्हणाला. मग जरा सावरून, "तसं बाई, ओलं गवत रचू नये, हे तुम्हालाही माहीत असणार."

"बुरशी धरते हे माहीत होतं. पेटतं हे नव्हतं. आणि जे माहीत होतं तेही तुमच्या शब्दावर बाजूला ठेवलं. तुमच्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर तसंही निरोपात लिहा."

बाहेरच्या खोलीतलं टायपिंग थांबलं होतं.

"पुढचा आठवडा नको. घराघरात गंज्या तापताहेत, निरोप आत्ता पाठवा, मी इथेच उभी आहे. आणि एक राहिलं. माझा भाऊ फोन उचलत नाही. चारचौघांत मी त्याला आगलाव्या म्हटलंय, ते माझं मी निस्तरीन, त्याच्या पाया पडेन. पण त्याच चारचौघांत येऊन, आग कोणी लावली ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगणार का? मंजुरीचं सांगू नका साहेब. येणार की नाही, तेवढं बोला."