तिसरी सुई

"पोटात चौदा घ्यावी लागतात ना हो?"

"ते जुनं झालं. आता दंडात पाच. आज एक, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. बाही वर करा."

बावीस वर्षं मी हेच बोलते आहे, त्यामुळे मान वर न करताच बोलले. मग कार्डावर लिहायला नाव विचारलं. त्या माणसानं नाव सांगितलं आणि माझी मान आपोआप वर गेली. आमचे हे जिथं वॉचमन होते त्या सोसायटीचा चेअरमन. केस पांढरे झाले होते, गाल उतरले होते, पण आवाज तोच. बोलताना आपण गॅलरीत उभे आणि समोरचा खाली रस्त्यावर, असा.

"कुत्रा कुणाचा?"

"कुणाचा काय? रस्त्यावरचा. तपकिरी, एक कान फाटलेला. आमच्या गेटपाशी पडलेला असतो. हाड म्हणालो, तर सरळ पोटरी धरली."

त्यानं मला ओळखलं नाही. वॉचमनच्या बायकोचा चेहरा लक्षात ठेवायला वेळ कुणाला असतो? जखम खोल होती. मी ती साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावली, जखमेभोवती औषध टोचलं आणि दंडात पहिली सुई दिली. माझा हात हलका आहे असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो जड व्हावा असं मला फार वाटत होतं, पण सवयीचा हात, तो काही ऐकेना.

कुत्रं चावल्याच्या खिडकीवर बसलं की त्या प्राण्याबद्दल माणसं काय काय बोलतात ते कानावर पडतं. जो तो म्हणतो, मी कुत्र्यासारखा राबतो. कुत्रं राबताना मी तरी अजून पाहिलेलं नाही. आमच्या दवाखान्याच्या पायरीवर तिघं आहेत, ती दिवसभर तंगड्या ताणून झोपतात. नवराबायको कुत्र्यामांजरासारखी भांडतात म्हणे, पण पायरीवरची मांजर त्या तिघांच्या मधोमध अंग चोरून झोपलेली असते. शेपूट घालणं म्हणजे घाबरून माघार घेणं, असं शाळेत शिकवतात. शेपूट घातलेलं कुत्रंच आधी चावतं, हे मी माझ्या रजिस्टरवरून दाखवून देईन.

एकच शब्द मला हसून सोडून देता येत नाही. कुत्र्याची मौत. चिडलं की कुणीही कुणालाही म्हणतं, कुत्र्याच्या मौतीनं मरशील. म्हणजे बेवारस, हाल हाल होऊन. अर्थ बरोबर आहे, पण म्हणणाऱ्यांपैकी कुणी ती पाहिलेली नसते. मी पाहिली आहे. एका शिंप्याची. सुया अर्धवट सोडून दीड महिन्यानं आला होता. तहानेनं जीव चाललेला, आणि पाण्याचा पेला दिसला की घसा आवळायचा. बायकोनं ओल्या कापसानं ओठ पुसायला घेतले, तर त्यानं तिला हात जोडले.

आमचे हे चेअरमनच्या इमारतीवर अकरा वर्षं वॉचमन होते. एक दिवस चेअरमनचा कॅमेरा सापडेना. त्यानं सगळी इमारत खाली बोलावली आणि यांना मध्ये उभं केलं. "कुत्रं पाळलं असतं तर निदान भुंकलं असतं. तुला तेवढं तरी येतं का? भुंकून दाखव." लोक हसले. मग तो म्हणाला, "भुंक, नाहीतर पोलिसांना बोलावतो."

आमचे हे दोनदा भुंकले.

मला त्यांनी हे कधीही सांगितलं नाही. मला ते त्या गल्लीतल्या इस्त्रीवालीनं सांगितलं, आणि कामावरून काढल्यावर गेटबाहेर पडताना यांना मागून चेअरमनचं "कुत्र्याच्या मौतीनं मरशील" असं ऐकावं लागलं, तेही तिनंच सांगितलं. पंधरा दिवसांनी कॅमेरा चेअरमनच्याच गाडीच्या डिकीत मिळाला. आमच्याकडे काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही, मग माफी कोण मागतंय? यांना दुसरीकडे काम मिळालं, पण आवाज गेला तो गेलाच. पूर्वी घरातून हाक मारली तर कोपऱ्यावरच्या दुकानदारानं ओ द्यावी असा त्यांचा गळा होता. पुढं चार वर्षांनी छातीत कळ येऊन गेले. मी शेजारच्या खोलीत होते. त्यांनी हाक मारली नाही.

तेव्हापासून मी चेअरमनचं वाईट चिंतत आले, यात लपवण्यासारखं काही नाही. त्याचे हाल कुत्रं खाणार नाही, असं व्हावं एवढंच मागत होते. आणि आता तो पाच वेळा माझ्यापुढं बाही वर करून बसणार होता.

तिसऱ्या दिवशी तो आला तो थेट खिडकीशी. मी म्हटलं, "रांग तिकडून आहे." रांगेत सत्तावीस माणसं होती. मी ती एकेक, अगदी निवांत घेतली. तो घामाघूम होऊन बसला होता ते पाहून मला बरं वाटलं. दुसरी सुई झाली.

सातव्या दिवशी तो आलाच नाही. त्याच्याऐवजी इस्त्रीवाली आली, मनगटाला फडकं गुंडाळून.

"तोच गं, फाटक्या कानाचा. परवा चावला मला. मी म्हटलं आज जाऊ, उद्या जाऊ. आणि काल मेला की तो! तोंडाला फेस, मागचे पाय ओढत होता, नाल्याशी जाऊन पडला."

"चेअरमनना चावलेला तोच का?"

"तोच. पण ते म्हणतायत, कुत्रा धडधाकट आहे, मी गॅलरीतून रोज बघतो, आता कशाला उगाच टोचून घ्यायचं! अगं, ते बघतात तो दुसरा. तपकिरीच आहे, पण दोन्ही कान शाबूत आहेत त्याचे."

"सांगितलंस त्यांना?"

"मी? मला गेटच्या आत कोण घेतंय!"

मी तिला सुई दिली, जखमेत औषध दिलं. सातव्या दिवसाच्या कार्डांत चेअरमनचं कार्ड होतं तसंच राहू दिलं. आमच्याकडे नियम आहे: सुई चुकवली की त्याच दिवशी त्या माणसाला फोन करायचा. तो फोन मीच करते. त्या दिवशी केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही.

मी काही करणारच नव्हते. फक्त गप्प बसायचं होतं. त्याची चूक त्याची होती, कुत्राही त्याच्याच गेटवरचा. वाढलेलं ताट माझ्यापुढं आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस मला जेवण गोड लागलं. कपाटावरची धूळसुद्धा मी हौसेनं पुसली.

नवव्या दिवशी सकाळी एक बाई खिडकीपाशी बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होती. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले आणि तो शिंपी आठवला. त्याचे जोडलेले हात आठवले. मला चेअरमनची दया आली असं कुणी समजू नका. ती मला आजही येत नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली. तो असा मेला तर लोक हळहळतील, फोटोला हार घालतील, आणि आमच्या माणसाला विनाकारण भुंकायला लावलं हे त्याच्या तोंडून कधीच निघणार नाही. मला ते त्याच्याच तोंडून हवं होतं. मेलेल्या माणसाकडून काय वदवून घेणार?

मी फोन उचलला. "तुम्हाला चावलेला कुत्रा मेला. पिसाळलेला होता. असाल तसे निघा."

वीस मिनिटांत आला. पायात दोन वेगळ्या चपला होत्या. मी तिसरी सुई दिली, कापूस दाबून धरला आणि म्हटलं, "मला हे परवाच कळलं होतं. मी मुद्दाम फोन केला नाही."

त्यानं विचारलं, "का?"

"आमचे हे तुमच्या गेटवर होते. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर भुंकायला लावलं होतं."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, अगदी मनापासून आठवून पाहिलं, आणि विचारलं, "कोणते? ते म्हातारे, की तो पाय अधू असलेला?"

माझ्या हातातला कापूस खाली पडला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तसं एकट्या आमच्या माणसाच्या वाट्याला आलं.

"कॅमेऱ्यावाले," मी म्हटलं.

त्याच दुपारी त्यानं माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "सिस्टर, तीन वर्षं उरलीत तुमची. फोन बंद होता असं लिहा, मी मिटवतो."

"फोन चालू होता, डॉक्टर."

मी दोन पानं लिहिली. पहिल्यावर माझा गुन्हा, जसा केला तसा. दुसऱ्यावर कारण: कॅमेरा, गेट, दोनदा भुंकणं, गाडीची डिकी. चौदाव्या दिवशी चौथ्या सुईला तो आला तेव्हा डॉक्टरनं आम्हा दोघांना आत बोलावलं आणि हेडक्लार्क ती पानं मोठ्यानं वाचू लागला. आमच्याकडच्या भिंती प्लायवूडच्या. पहिलं पान संपेपर्यंत बाहेरची रांग चिडीचूप झाली.

"हे दुसरं कशाला वाचताय? याचा इथं काय संबंध?" चेअरमन म्हणाला.

"त्यांनी कारण दिलंय साहेब," हेडक्लार्क म्हणाला. "ते खरं की खोटं, तेवढं तुम्ही लिहून द्यायचं."

"खोटं आहे. कोण म्हणतं असं झालं म्हणून?"

"मी म्हणते," दारातून आवाज आला. इस्त्रीवाली तिच्या तिसऱ्या सुईला आली होती. "मी होते की तिथं. दोनदा भुंकले ते. तुम्ही टाळी वाजवलीत."

ती टाळी मला नवीन होती.

चेअरमनचं तोंड एवढंसं झालं. "जाऊ द्या. मी तक्रार मागे घेतो."

डॉक्टरनं सुटकेचा श्वास सोडला. मी म्हटलं, "मी माझं मागे घेत नाही. माझी चूक नोंदवा आणि त्यांचीही सही घ्या."

दारात आता सात-आठ डोकी दिसत होती. त्यानं पेन घेतलं. "असे घडले होते. त्यांची चूक नव्हती." असं लिहून खाली सही केली. मी ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं, आणि त्यानं ते वाचलं.

मला सुयांच्या खिडकीवरून काढून पट्ट्यांच्या खोलीत टाकलं. बरोबरच केलं. ज्या बाईनं दोन दिवस फोन केला नाही तिच्या हाती ती खिडकी राहू नये, हे मीसुद्धा म्हणेन.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी पट्ट्या गुंडाळत होते. पलीकडे नवी सिस्टर सुया देत होती. जरा जड हाताची आहे. चेअरमन कळवळून ओरडला तो मला इकडे ऐकू आला. थोड्या वेळानं तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आत येऊ?"

"पट्ट्या स्वच्छ आहेत. चपला बाहेर."

त्यानं वाकून, दाराला धरून चपला काढल्या. मग तिथंच थांबला.

"ते... हल्ली कुठं असतात?"

माझ्या कागदात ते लिहायचं राहिलं होतं.

"गेले."

"मला भेटायचं होतं त्यांना."

मी पुढची पट्टी घेतली, टोक सरळ केलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. त्याला बस म्हटलं नाही. तो अनवाणी उंबऱ्यावर उभा होता. टोपलीत अजून चाळीसेक पट्ट्या होत्या.