दहा चाळीसची नोंद

प्रशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेत अश्विनी खरात कायद्याच्या पेपरात पहिली आली आणि परेडमध्ये शेवटून चौथी. साखरखेर्ड्याला घरी परेडचं कुणी विचारलंच नाही. वडिलांनी गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत कपाटात ठेवून दिली.

कायदा तिला आवडू लागला तो भगवानराव सरांमुळे. तीस वर्षं वेगवेगळ्या ठाण्यांत काढून, गुडघे गेल्यावर हे सहायक उपनिरीक्षक प्रशिक्षण केंद्रात शिकवायला आले होते. वर्गात पुस्तक उघडायचे नाहीत. एका पोरीला आरोपी करायचे, दुसरीला पोलीस, आणि म्हणायचे, "हं, कर अटक."

पोरगी दुसरीच्या खांद्यावर हात ठेवायची. "केली सर."

"कशापायी नेऊन राह्यली, सांगतलं का तिले?"

"सांगितलं सर."

"तोंडी तं माही बायकोबी लय सांगते. कागद कुठं हाय?"

वर्ग हसून घ्यायचा. मग सर फळ्यावर लिहायचे : अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि कोर्टात उभं करायच्या किमान दोन तास आधी द्यायची. एकदा एकीनं विचारलं, "आणि नाही दिली तर?"

"तं तो सुटला. गुन्हा केला असो का नसो. अन् ते बरोबरच हाय, पोरीहो. उद्या तुमच्या भावाले कोनी उचलून नेलं, तं काऊन नेलं हे त्याले कळाले नाही पायजे का?"

अश्विनीच्या मनात हे पक्कं बसलं. तिच्या मामाला पूर्वी एकदा असंच नेलं होतं. तीन दिवस ठेवून सोडलं होतं. कशासाठी नेलं हे मामाला आजवर कळलेलं नव्हतं.

तिची नेमणूक जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहान ठाण्यात झाली. ठाणेदार अविनाश देवरे चाळिशीचे, नाशिककडचे, मऊ बोलणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचं अक्षर पाहिलं आणि ठाण्यातलं निम्मं लिखाण तिच्या टेबलावर येऊन पडलं. फिर्यादी, पंचनामे, मुद्देमालाच्या याद्या. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. बंदोबस्ताला उन्हात उभं राहण्यापेक्षा ते बरंच होतं.

जानेवारीत, कपाशीची शेवटची वेचणी चालू असताना अपेक्षाची केस आली. एकवीस वर्षांची पोरगी, आई अंबूबाईसोबत रामराव पाटलांच्या वावरात वेचायला जायची. पाटलांचा धाकटा राजकुमार महिनाभर तिच्या मागे होता. त्या दिवशी चार बायांसमोर ती त्याला फाडफाड बोलली. संध्याकाळी धुऱ्यावर, वावराच्या बांधापाशी त्यानं तिला गाठलं आणि ट्रॅक्टरमधल्या लोखंडी सळईनं मारलं. उजवं मनगट मोडलं आणि जबडा दोन ठिकाणी तुटला.

दवाखान्यात फिर्याद अश्विनीनंच घेतली. अपेक्षाला बोलता येत नव्हतं. अंबूबाई सांगायची आणि पोरगी डोळे मिटून मान हलवायची. मध्येच अंबूबाईनं अश्विनीचा हात धरला. "मायबाई, तू आमच्यावानीच दिसते. सोडजो नको त्याले."

"नाही सोडत मावशी," अश्विनी म्हणाली. असं बोलायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं. पण बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता राजकुमारला अटक झाली. अटकेचा फॉर्म अश्विनीनं भरला. घरच्यांना कळवल्याची नोंद केली, वैद्यकीय तपासणीचं पत्र केलं. मग ती ठाणेदारांच्या खोलीत गेली. हवालदार गोपाळ तिथंच कपाटातून फायली काढत होते.

"साहेब, अटकेची लेखी कारणं द्यायची आहेत. मी तयार करते, तुमची सही लागेल."

"सांगितली की त्याला मी. समोर बसवून सांगितली."

"लेखी लागतात साहेब. दोन तास आधी."

देवरे हसले. "खरात, मी पंधरा वर्षं अटका करतोय. बघू संध्याकाळी."

संध्याकाळी रामराव पाटील आले. ठाणेदारांच्या खोलीत तासभर बसले, दोनदा चहा आत गेला. ते गेल्यावर अश्विनी पुन्हा दाराशी उभी राहिली, तर देवरे फोनवर होते. त्यांनी हातानंच तिला जा म्हटलं. सकाळी आठ वाजता तिनं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज मऊ नव्हता. "तपास अधिकारी मी आहे का तू?"

ते आळसानं झालं की रामरावांच्या चहानं, हे अश्विनीला पुढे कधीच कळलं नाही. कधी एक वाटायचं, कधी दुसरं.

साडेदहाला ते कोर्टाच्या आवारात पोचले. राजकुमारचा वकील आधीच येऊन पायरीवर उभा होता, हातात एकच कागद घेऊन. त्याच्याकडे नजर गेली आणि देवऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी अश्विनीला बाजूला घेतलं आणि फाइलीतून कोरा कागद काढून दिला.

"लिही पटकन. कारणं. आणि खाली वेळ टाक, सकाळी आठ."

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं लिहिलं. गुन्ह्याचा नंबर, कलमं, साक्षीदार, सळई कुठं सापडली, अटक का गरजेची. सगळं तिला तोंडपाठ होतं. दहा मिनिटांत पान भरलं. देवऱ्यांनी न वाचता सही ठोकली आणि वकिलाशी बोलायला वळले. अश्विनी कागद घेऊन राजकुमारकडे गेली. त्यानं तो घेतला, वाचला नाही, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही करून दिली.

पोचेच्या खाली वेळेची जागा रिकामी होती. तिनं घड्याळ पाहिलं. आठ लिहायला काहीच लागणार नव्हतं, इंग्रजी आठाचा आकडा तर एका झटक्यात होतो. पेन टेकवलं तेव्हा तिच्या डोक्यात सर नव्हते, कायदाही नव्हता. मामा होता, तीन दिवसांनी घरी येऊन ओट्यावर गप्प बसलेला. तिनं लिहिलं, १०.४०.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पुकारा झाला. वकिलानं जेमतेम चार वाक्यं बोलून, लेखी कारणं वेळेत मिळाली नाहीत असा आपला अर्ज पुढे केला. न्यायाधीश बाईंनी पोलिसांची फाइल मागितली, पानं उलटली आणि एका पानावर थांबल्या.

"कारणांची प्रत दहा चाळीसला दिली?"

देवरे म्हणाले, "नाही मॅडम, सकाळी आठला."

"इथं दहा चाळीस लिहिलंय. आरोपीची सही आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं, मॅडम," अश्विनी मागून म्हणाली.

"बरोबर वेळ आहे?"

"हो, मॅडम."

कोठडी नाकारली गेली. अटक बेकायदेशीर ठरली. कारणं नीट देऊन पोलिसांना आरोपीला पुन्हा अटक करता येईल, असंही बाईंनी आदेशात लिहिलं. राजकुमार शर्टाची बाही नीट करत बाहेर आला.

अंबूबाई आवारात लिंबाखाली बसली होती. तिनं त्याला मोकळा जाताना पाहिलं आणि उठून अश्विनीसमोर आली. "सोडलं? त्याले सोडलं?"

"मावशी, त्याला परत धरता येतं. कागद वेळेत द्यावा लागतो, तो–"

"कागद? माह्या पोरीचं थोबाड तुटलं, अन् तू मले कागदाचं सांगून राह्यली?"

"चूक आमची झाली मावशी."

"आमची म्हंजे कोनाची? नाव सांग."

दहा पावलांवर देवरे गाडीचं दार उघडून उभे होते आणि इकडेच पाहत होते. कोर्टात खरं बोलायला तिला एक क्षण लागला नव्हता. इथं तोंड उघडेना. अंबूबाई तिच्या बुटांपाशी थुंकली आणि फाटकाकडे चालू लागली.

"त्याला आत्ताच परत घेऊ साहेब," गाडीत अश्विनी म्हणाली. "कारणं तयार आहेत."

देवरे रस्त्याकडे पाहत होते. "आता तू शिकव मला," एवढंच बोलले. दोन दिवसांनी पथक पाटलांच्या घरी गेलं, तोवर राजकुमार सीमा ओलांडून बऱ्हाणपूरला नातेवाइकांकडे गेला होता. महिन्यानं तो अटकपूर्व जामीन घेऊनच गावात आला.

आरोपी सुटला म्हणजे कुणाची तरी मान अडकणारच. खात्याची चौकशी लागली. देवऱ्यांनी जबाब दिला की लेखी कारणं देण्याच्या सूचना आदल्या दुपारीच महिला शिपाई खरात यांना दिल्या होत्या, त्यांनी हयगय केली, आणि उशीर झाल्याचं त्यांच्याच अक्षरातल्या नोंदीवरून दिसतं.

चौकशी अधिकाऱ्यांनी अश्विनीला समोर बसवलं. "तुम्ही म्हणता ठाणेदारांना तीनदा आठवण केली. लेखी काही आहे?"

"नाही सर. तोंडी सांगितलं."

"कुणी ऐकलं?"

"पहिल्या वेळी गोपाळ हवालदार तिथंच होते."

गोपाळना बोलावलं. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि पोरीचं लग्न जमत आलं होतं. ते अश्विनीकडे न बघता म्हणाले, "माह्या लक्षात नाही साहेब. मी फायली पाहून राह्यलो होतो."

मग प्रशिक्षण केंद्राला पत्र गेलं : सदर शिपायास हा विषय शिकवला होता काय? आठवड्यात उत्तर आलं, भगवानरावांच्या सहीचं. विषय सविस्तर शिकवला असून प्रशिक्षणार्थी खरात यांनी कायद्यात प्रथम क्रमांक मिळवला, या विषयाची त्यांची समज विशेष चांगली आहे. चौकशी अहवालात हे उत्तर जसंच्या तसं उतरवलं गेलं आणि खाली निष्कर्ष आला की नियम पूर्ण माहीत असूनही कसूर झाल्यानं ती जाणीवपूर्वक ठरते. एक वर्षाची वेतनवाढ रोखली, सेवापुस्तकात सक्त ताकीद. देवऱ्यांना समज देऊन सोडलं.

तिनं सरांना फोन केला. दोन दिवस विचार करून केला.

"सर, तुम्ही पत्रात काय लिहिलं?"

"खरं तेच लिहलं बाई. तुले सगळं येत होतं. मले वाटलं तुह्या कामी पडन."

"कामी नाही पडलं सर."

"काय झालं?" सरांनी विचारलं. तिनं सांगितलं.

"मी आनखी एक पत्र देऊ का? पोरगी खोटं बोलनारी नाही म्हनून?"

"तुम्ही तिथं नव्हता सर."

"हाव. नव्हतो खरा." मग ते म्हणाले, "अश्विनी, तू आठ लिहायले पायजे होतं का?"

शिकवताना त्यांनी असा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिला त्यांचा राग आला, देवऱ्यांचाही कधी आला नव्हता इतका. "तुम्हीच सांगा सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं त्यांना फोन केला नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी अंबूबाई आणि अपेक्षा ठाण्यात आल्या. रामरावांच्या जीपमधून उतरल्या. पुरवणी जबाब द्यायचा होता. बाईचा जबाब बाई पोलिसानंच घ्यावा, म्हणून देवऱ्यांनी त्यांना अश्विनीच्या टेबलाशी पाठवलं.

अपेक्षाचा जबडा जुळला होता, पण वाकडा. शब्द एका बाजूनं बाहेर यायचे.

"लिहा मॅडम. मी वट्यावरून पडली. अंधार होता. राजकुमारभाऊचं नाव गैरसमजानं घेतलं."

अश्विनीनं पेन खाली ठेवलं. "अपेक्षा, कुणी दम दिला का? इथं सांग. मी लिहिते, तसंच लिहिते."

"दम कोन देईन? आमाले त्याच वावरात जा लागते."

"मारताना पाहणाऱ्या दोन बाया साक्षीदार आहेत. केस अजून उभी आहे."

"त्या दोघीबी त्याच वावरात येतात." अपेक्षा पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघून बोलली. "तुमी तं कोर्टात खरं लिहलं ना? मंग माह्यं काय झालं?"

अंबूबाई भिंतीवरच्या महिला मदत क्रमांकाच्या पाटीकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

अश्विनीनं लिहिलं. ओटा किती फूट उंच, पडताना कोणती बाजू खाली आली, तिथं कोण होतं, सगळं रीतसर विचारून लिहिलं. मग जबाब वाचून दाखवावा लागतो म्हणून तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचला. सळई, धुरा, कपाशी, कशाचाच उल्लेख त्यात नव्हता.

"बरोबर आहे?"

"हाव, बरोबर हाय."

उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. अपेक्षानं डाव्या हातानं सही केली. नाव मावेना, शेवटचं अक्षर ओळीखाली गेलं.

आतून देवऱ्यांचा आवाज आला, "झालं का खरात?"

"झालं साहेब."

मायलेकी बाहेर जाऊन जीपमध्ये मागे बसल्या. अश्विनीनं जबाब फाइलीला लावला आणि पानावर नंबर टाकला. टेबलासमोर एक म्हातारा केव्हाचा उभा होता, त्याची म्हैस चोरीला गेली होती. तिनं नवा कागद ओढला आणि त्याला नाव विचारलं.