चूचोकची पेटी

मित्रांनो, मी साठ हात लांबीचा सुती पट आहे. यंदा मला एक्कावन्न वर्षे पूर्ण झाली. माझ्या अंगावर वेसंतर राजाची गोष्ट तेरा भागांत रंगवलेली आहे. या राजाने मागेल त्याला मागेल ते दिले. पांढरा हत्ती दिला, रथ दिला, शेवटी पोटची मुलेसुद्धा दिली. लोकांनी आधी रागावून त्याला रानात धाडले आणि मग रडतरडत परत आणले.

थायलंडच्या ईशान्येला लोई प्रांतातल्या डोंगरांत माझे गाव आहे. गावातल्या घराघरांतून सूत आले, तेव्हा मी विणला गेलो. त्यामुळे मी कुठे मऊ आहे, तर कुठे खरबरीत. इन्पेंग नावाच्या तरुण चित्रकाराने मला देवळाच्या मंडपात पसरले आणि अख्खा हिवाळा रंगवले. नीळ, काजळी, लाल माती आणि झाडाचा पिवळा चीक एवढेच त्याचे रंग होते.

राजाकडे मुले मागायला आलेल्या चूचोक नावाच्या हावरट म्हाताऱ्यासाठी चेहरा द्यायला गावात कोणी तयार होईना. तेव्हा इन्पेंगने आरशात बघून स्वतःचाच चेहरा काढला आणि खाली हे एवढे मोठे पोट जोडले. चूचोकच्या तरुण बायकोला पाणवठ्यावर चिडवणाऱ्या बायका मात्र गावातल्याच होत्या. त्यांत कमरेवर हात ठेवून जीभ काढणारी एकोणीस वर्षांची सीदा होती.

चित्र बघून ती भांडायला आली.

"दादा, माझं नाक असलं गाठीचं नाहीये."

"या भागाचं सूत कुणी दिलं होतं गं?"

"मीच."

"मग तुझ्या सुतातली गाठ तुझ्याच नाकावर आली. त्यात माझा काय दोष?"

सीदा पाय आपटत निघून गेली. पण पुढची कित्येक वर्षे, उत्सवात मी बाहेर निघालो की ती आधी पाणवठा शोधायची आणि सगळ्यांना आपले नाक दाखवायची.

आमच्या उत्सवाची मजा काय सांगू? पेरणीच्या दिवसांत गावकरी आधी देवराईत जाऊन गावाच्या पूर्वजदेवाची परवानगी घेतात. मग मला रानाच्या कडेला उलगडतात. दोन्ही बाजूंनी बायका, मुले, म्हातारे माझी कडा धरतात आणि राजाला गावात घेऊन येतात. मागून भुते नाचत येतात. राजा इतका चांगला की रानातल्या भुतांनाही त्याला सोडवेना, म्हणून ती त्याच्यामागे गावात आली, असे आमच्याकडे मानतात. चिकट भात वाफवायची बांबूची टोपली डोक्यावर उलटी घालायची, माडाच्या झावळीच्या बुडख्याचा रंगीत चेहरा लावायचा, लांब नाक बसवायचे, कमरेला गुरांच्या घंटा बांधायच्या, की झाले भूत. ओळखीचा माणूस दिसला की भूत मुद्दाम त्याच्या अंगावर जाते.

आजूबाजूच्या अकरा गावांकडे असा पट नव्हता. म्हणून मी उसना जात असे. बैलगाडीतून गेलो, होडीतून गेलो, टेम्पोतून गेलो. मी खूप देवळे पाहिली. एका देवळाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना सात फण्यांचे नाग होते आणि त्यांच्या शेपटीवर मुले घसरगुंडी खेळत. एका भिंतीवरच्या नरकात चित्रकाराने उकळत्या कढईत एका माणसाला हातातल्या घड्याळासकट बसवले होते. घरोघरी अंगणात खांबावर भूमिदेवाचे लहानसे घर असे, आणि त्याच्यापुढे लाल सरबताची बाटली, नळी घालून. देवालाही तहान लागतेच की. मी ते सगळे बघत जाई आणि मला वाटे, जगात माझ्याइतके सुखी कापड नसेल.

मग मी तीस वर्षांचा असताना डोंगरापलीकडच्या एका गावी गेलो. तिथे उत्सव छान झाला, जेवणही भरपूर झाले. कच्च्या मांसाच्या लिंबू-मिरची घातलेल्या खिम्यावर लोकांनी ताव मारला. दुसऱ्या दिवशी तीन जणांची पोटे फुगली आणि ते गडाबडा लोळू लागले. आता गोष्टीतला चूचोक मरतो तो खाऊन खाऊन पोट फुटून. कोणीतरी म्हणाले, "पटातून चूचोक बाहेर आलाय." झाले. ते तिघे चार दिवसांत बरे झाले, पण मला लाकडी पेटीत घातले, पेटीभोवती मंतरलेला पांढरा दोरा गुंडाळला आणि देवळाच्या अडगळीत सरकवले. माझ्या गावाला निरोप गेला, "ओढा ओलांडताना पट वाहून गेला."

मित्रांनो, अंधारात घडी पडून राहणे हे कापडाला किती जड जाते, ते तुम्हाला कसे सांगू? घडीवर रंग तडकतो. बाहेर वर्षे जातात आणि आपल्याला फक्त उंदरांची पावले ऐकू येतात. माझ्या गावाने शहरातून छापील पट आणला. तो माझ्यापेक्षा चकचकीत होता. पण त्यातल्या पाणवठ्यावर कोणाचीच आजी नव्हती.

एकवीस वर्षे अशी गेली. सीदा म्हातारी झाली आणि आजारी पडली. तिची मुलगी दुआंगता बँकॉकमध्ये कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करत असे. ती नोकरी सोडून आईपाशी आली. सीदाचे तरुणपणचे एकही छायाचित्र घरात नव्हते. मरणाच्या आधी काही दिवस ती मुलीला म्हणाली, "मी कशी दिसायचे ते बघायचं होतं ना तुला? माझं तरुणपण पटाबरोबर वाहून गेलं बघ."

आईचे सगळे विधी झाले. मग दुआंगता विचार करू लागली. तिचा सगळा जन्म कापडात गेला होता. ती शेजारणीला म्हणाली, "साठ हात सुती कापड भिजलं की दगडासारखं जड होतं. ते वाहत जाईल कसं? पहिल्याच खडकाला अडकेल. कुणाला तरी एखादी चिंधी सापडलीच असणार."

ती मोटरसायकल काढून निघाली. ओढ्याच्या काठाने गावोगावची देवळे तिने पालथी घातली. चिंधी कोणालाच सापडली नव्हती. शेवटी डोंगरापलीकडच्या देवळात अंगण झाडणारी पांढऱ्या वस्त्रांतली एक म्हातारी भिक्षुणी भेटली. ती म्हणाली, "पट वगैरे मला ठाऊक नाही गं बाई. चूचोकची पेटी आहे, पण ती आम्ही उघडत नाही."

दुआंगता थेट देवळाच्या कारभाऱ्याकडे गेली. त्याचे नाव खाम्पाव.

"काका, ती पेटी उघडायची आहे."

"नको गं. आत चूचोक आहे."

"माझी आईपण आहे."

खाम्पाव दोन पावले मागे सरकला. "ती कधी शिरली?"

"एक्कावन्न वर्षांपूर्वी. एकोणीस वर्षांची होती."

"आणि… ती काय खाते?"

"खात नाही. नुसती जीभ काढून चिडवते."

मग तिने सगळी हकिकत सांगितली. "आम्ही खोटं बोललो, पोरी," तो म्हणाला. "पट परत धाडावा तर रोगराई तुमच्या गावात जाईल, असं वाटलं. आणि खरं सांगावं तर तुम्ही हसाल, असंही वाटलं. पहिलं भीतीचं होतं, दुसरं लाजेचं. लाजच जास्त होती बघ."

गाव जमले. देवळातले मोठे भन्तेजी म्हणाले, "चूचोक असेलच तर एकवीस वर्षांचा भुकेला असेल. आधी भात ठेवा." मग चिकट भाताची परडी पेटीपुढे ठेवली, दोरा कापला आणि झाकण उघडले. आतून एक उंदीर उडी मारून बाहेर आला आणि भातावरून पळाला. ज्या तिघांची पोटे फुगली होती त्यांतले दोघे तिथेच होते. ते उंदराच्याही पुढे पळाले.

दुआंगताने मला मंडपात हळूहळू उलगडले. केवढा उजेड होता तो! राजा दिसला, हत्ती दिसला. मग चूचोक दिसला. उंदरांनी नेमके त्याचे पोट खाल्ले होते. तिथे नारळाएवढे भोक होते.

"आता काय खाणार बिचारा," खाम्पाव म्हणाला. आधी एक बाई हसली, मग सगळे गाव हसू लागले. पळालेले दोघेही परत आले.

दुआंगता मात्र पाणवठ्यावर थांबली होती. तिथे तिची आई होती, कमरेवर हात ठेवून, जीभ काढून. नाकावर सुताची गाठ होती. दुआंगताने त्या गाठीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "भांडकुदळ." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसतही होती.

मी घरी आलो. आईच्याच मागावर दुआंगताने भोकाएवढे कापड विणले आणि बारीक टाके घालून जोडले. पोट रंगवायला ब्याऐंशी वर्षांचे इन्पेंग आजोबा आले. नवे पोट अगदी लहान झाले.

"आजोबा, पोट एवढंसंच का हो काढलंत?" दुआंगताने विचारले.

"एकवीस वर्षं उपाशी आहे तो," आजोबा म्हणाले.

यंदाच्या उत्सवात डोंगरापलीकडचे अख्खे गाव आले. ते दोघे पोटवाले चूचोकपाशी माझी कडा धरून चालले. भुते मुद्दाम त्यांच्याच अंगावर जात होती. छापील पटही आमच्याबरोबर होता. तो पुढे चालत होता आणि मला त्याचा जराही हेवा वाटला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत किंवा देवळात काहीतरी बांधून ठेवलेले असेल. भीतीने असेल, लाजेने असेल, किंवा नुसते विसरून गेल्याने असेल. ते उघडा. ऊन दाखवा. फाटले असेल तर शिवा, आणि शिवलेले दिसले तर लाजू नका. सांभाळायचे म्हणजे दडवून ठेवायचे नव्हे. जे वापरात असते, त्याला उंदीर लागत नाहीत.

आता मला निघायला हवे. पुढच्या पंधरवड्यात तीन गावांना जायचे आहे. वाटेत कुठे भेटलात तर लांबून बघत उभे राहू नका. या, माझी कडा धरा. धरायला माणसे नेहमी कमीच पडतात.