मंगळवारी रिकामी दिसलेली जमीन

खणकन किटलीचं झाकण पडलं आणि तेजस्वीच्या घरातली शांतता मोडली. तिचं घर माझ्या कडेलाच आहे, म्हणून मला सगळं ऐकू येतं. आज धार काढायची नाही. कालच चंद्री म्हैस विकली.

मित्रांनो, चंद्री माझ्याच अंगावर चरत मोठी झाली. मी खानापूरकडच्या एका गावची जुनी गायरान जमीन. मला कधी कुणी नांगरलं नाही. गावानं मला गुरांसाठी राखलं आणि त्यांच्या खुरांखालीच मी घडले. पावसाळ्यात माझ्यावर गुडघाभर गवत, कडेला टाकळ्याची भाजी. तेजस्वी म्हैस सोडून भाजी खुडत बसायची. शेजारचा मष्णू चिडवायचा, “वैनी, म्हशीपरास तुमीच जास्त चरताय की!”

“चरतो रं, तुझ्या पोटात का दुखतंय?” म्हणत तीही हसायची. चंद्रीच्या दुधावरच तिचं घर चालायचं.

गेल्या उन्हाळ्यात जमिनींची वर्गवारी करणारे साहेब आले. कुठली जमीन शेतीची, कुठली चराईची, कुठली पडीक, हे ते बघत होते. पण तो मंगळवार होता. गावदेवी लक्ष्मीच्या यात्रेआधी आमचं गाव वार पाळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी शिवारात कुणी पाऊल टाकत नाही. जनावरंही गोठ्यातच.

म्हातारे जोतिबाआप्पा वेशीतूनच ओरडले, “आज वार हाय, साहेब! उद्या या, समदं दावतो.”

“उद्या दुसरं गाव आहे, आप्पा.”

“ऱ्हाऊ द्या मग. जमीन कुठं पळून चाललीया?”

साहेब भले होते. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले. वाळकं गवत, ना माणूस, ना जनावर. नकाशात मी पडीक झाले. मला सांगायचं होतं, पण जमिनीला तोंड कुठलं?

पडीक म्हणून मला गोदामांसाठी दिलं. गाव कचेरीत गेलं, तर “नकाशा केला तेव्हाच का नाही बोललात?” एवढंच ऐकून परत आलं. आता माझ्याभोवती तार आहे; चरायला जागा उरली नाही, म्हणूनच चंद्री विकावी लागली.

मित्रांनो, तुम्ही कधी जमिनीला नाव देणार असाल, तर तिच्याकडे एकदाच येऊन जाऊ नका. पावसात या. गुरं सुटायच्या वेळी या. जवळच्या घरात घटकाभर बसा.

आत्ता तेजस्वी तारेपाशी येऊन उभी राहिली आहे. तिचं बोट धरून लेक आरोही.

“आई, आपण वार पाळला, तवा लक्ष्मीआई बघत हुती नव्हं?”

“व्हय गं.”

“मग तिनं साहेबास्नी का न्हाय सांगितलं?”