इंजिन व्हायला निघालेली डुकरीण

मी डुकरीण बोलतेय, आणि जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या पिल्लांच्या गळ्याची शपथ. मोठं वादळ झालं त्या रात्री माझा जन्म झाला. नारळाची झाडं मुळासकट उपटून समुद्रात पडत होती आणि माझी आई वाऱ्याकडे पाठ करून मला पाजत होती. म्हणजे, रात्र नव्हती तशी. दुपार होती. वाराही बेताचाच होता, कुणाची तरी वाळत घातलेली चादर तेवढी उडाली. पण बाकी सगळं खरं.

डुक्कर म्हटलं की नाक मुरडणारी माणसं जगात आहेत, असं ऐकून आहे. त्यांनी टोंगाच्या बेटांवर येऊन बघावं. इथे आम्ही गावात मानानं हिंडतो आणि ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात उतरून खेकडे, शिंपले, एखादा बेसावध मासासुद्धा धरतो. तरुणपणी मी एक शार्क धरला होता. बरं, शार्क नसेल, बोई असेल. पण त्यानं शेपटी हाणली ती अजून गालावर जाणवते.

लेसिएलीनं मला विकत घेतलं तेव्हा मी तिच्या हाताएवढीही नव्हते. तिचा नवरा माका तेव्हा पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला गेला होता. त्यानं पाठवलेल्या पहिल्या पैशातून तिनं काय आणावं? छपराला पत्रे नाहीत, टीव्ही नाही. मला आणलं.

त्याला कारण होतं. आमच्याकडे पैसा घरात टिकत नाही. चोर नेत नाहीत. आपलीच माणसं नेतात, आणि हसत मागून नेतात. कुणाचं मयत, कुणाचं लग्न, चर्चची वर्गणी, चुलत दिराच्या पोराचे बूट. हातात असून नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. शेजारणीनं एकदा पैसे पिठाच्या डब्यात लपवले, तर मागायला आलेल्या मावशीनं नेमकं पीठच मागितलं.

जिवंत डुकराचं तसं नाही. "वहिनी, जरा एक तंगडी उसनी द्या" असं कुणी म्हणत नाही. डुकराची मोड करता येत नाही. शिवाय ते दिवसागणिक वाढतं. लेसिएलीनं हे सगळं मनात धरलं आणि माझ्या गळ्याखाली खाजवत म्हणाली, "खा बाई, खा. तू जाड झालीस की माझं जमलं."

आणि माझ्या खाण्याला तिला खर्च तो काय? त्या घरात उरलेल्याचंही उरलेलं असे. नारळाचं पहिलं दूध रविवारच्या जेवणाला. दुसरं सोमवारच्या केळ्यांना. तिसरं म्हणजे नुसतं पांढरट पाणी, ते पोरीला दूध म्हणून. मग चोथा कोंबड्यांना, आणि कोंबड्यांनी टाकलेला मला. करवंटी चुलीत, काथ्या भांडी घासायला, झावळीच्या हिरांचा खराटा. साबणाच्या चिपा ती जुन्या मोज्यात भरी आणि तो फेस देईपर्यंत त्याच्याशी भांडत बसे. काडेपेटी मी त्या घरात पाहिली नाही. शेजारच्या चुलीतून निखारा आणायचा, आणि शेजारणीच्या चार तक्रारी ऐकून घ्यायच्या, हे त्याचं भाडं.

माकाला फोनसुद्धा रिंग देऊन ठेवायचा. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे आठवण येते. तीन वाजल्या की तो घाबरून स्वतःचे पैसे घालून उलट फोन करील, म्हणून तीन ती कधी देत नसे.

एवढी काटकसर कशासाठी? इंजिनासाठी.

माकाची होडी होती, पण तिचं इंजिन कधीच बसलं होतं. वल्ह्यांनी खाडीत फिरून घरापुरते मासे मिळतात, विकण्यापुरते नाहीत. विकायचे तर खडकांच्या रांगेपलीकडे जावं लागतं, आणि तिथे इंजिनाशिवाय जाणं म्हणजे मरणाला आपल्या हातानं बोलावणं धाडणं. इंजिन मिळालं तर माकाला परदेशी जायला नको. नाही मिळालं तर दर वर्षी संत्री आहेतच.

गेल्या खेपेला तो घरी आला तेव्हा लूपेनं, म्हणजे त्याच्या लेकीनं, दारातच विचारलं, "परत कधी जाणार?" पाहुण्याला विचारतात तसं, अगदी नीट, आदबीनं. माका हसला. मग बाहेर येऊन माझ्याजवळ उभा राहिला आणि माझी पाठ खाजवू लागला. खाजवता खाजवता त्याची नखं माझ्या कातडीत रुतली, तरी तो थांबेना. मी ओरडले नाही. काही गोष्टी डुकरालाही कळतात.

पलीकडच्या गावात सातेकी नावाचा म्हातारा कोळी होता. त्याचे मुलगे न्यूझीलंडला निघून गेले आणि एक चांगलं इंजिन पडवीत पडून राहिलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाच्या जेवणाला मोठं डुक्कर हवं होतं. तो येऊन माझ्याभोवती फिरला, दोन बोटांनी माझी चरबी दाबली, आणि म्हणाला की अजून दोन महिने खाऊ दे, मग ही मला आणि इंजिन तुला. लेसिएली त्याच्या घरी जाऊन इंजिन पिंपात चालवून बघून आली. मीही तिच्या मागोमाग गेले होते. घरघर थेट माझ्यासारखी होती.

तुम्ही म्हणाल, अगं वेडे, लग्नात तुलाच भाजणार ना? भाजणारच. डुकराला आपला शेवट ठाऊक असतो, त्यात नवल नाही. शेवटानंतर आपलं काय होणार, एवढाच प्रश्न असतो. कुणी मयताचं जेवण होतं, कुणी शाळेची फी होतं. मी इंजिन होणार होते. खडकांपलीकडे जाणार होते, जिथे एकही डुक्कर आजवर गेलं नाही. मी नेटानं खाऊ लागले.

आता तोआकासेचं सांगते. ही माकाची थोरली बहीण, राजधानीत राहते. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीपुढे घरातल्या कशावर कुणाची मालकी उरत नाही. तिनं बोट दाखवलं की चटई तिची, कोंबडी तिची. लूपेवर बोट ठेवलं तर लूपेही जाईल, आणि जाताना आई तिची वेणी घालून देईल. म्हणून वन्सं येणार असं कळलं, की लेसिएली मला खारफुटीत हाकलून देई आणि अंगणातले माझे खुरांचे ठसे खराट्यानं पुसून काढी.

बाई वाईट होती असं मात्र समजू नका. आई गेल्यावर माकाला तिनंच वाढवलं होतं. घरी येताना कधी मोकळ्या हातानं आली नाही. रीत तिनं घडवली नव्हती, ती फक्त रीतीच्या वरच्या टोकाला जन्मली होती.

त्या दिवशी ती न कळवता आली. तिची सासू वारली होती. कमरेला आमच्या रीतीप्रमाणे सुतकाची जाड चटई गुंडाळलेली, चालून चालून घामाघूम. मी अंगणातच सावलीला पसरले होते. तोआकासे बसली, पंख्यानं वारा घेतला, पावसाचं बोलली, लूपे वाळली म्हणाली. मग माझ्याकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "सासूबाईंच्या मयताला रिकामी उभी राहिले तर माहेराचं नाक कापलं जाईल गं. ही बरी भरलीय."

लेसिएली खोबरं किसत होती. हात थांबला.

"वन्सं, ती देवाची आहे."

"म्हणजे गं?"

"चर्चच्या संमेलनाला बोललेय. पाहुण्यांच्या पानासाठी."

हे तिला कुठून सुचलं, तिलाच माहीत. पण देवाच्या मालावर थोरल्या नणंदेचंही बोट चालत नाही. तोआकासेचे डोळेच भरून आले. ज्या घरात साबण मोज्यात भरून वापरतात, त्या घरानं गावातली सगळ्यात मोठी डुकरीण देवाला काढून ठेवावी! आमच्या आईला अशी सून बघायला मिळाली नाही, असं म्हणत तिनं लेसिएलीचे हात धरले, दोन कोंबड्या आणि एक चटई घेतली, आणि गेली. लेसिएली घरामागे येऊन माझ्या मानेवर डोकं टेकून एकटीच हसत सुटली.

तिला वाटलं, सुटलो. बस येईपर्यंत वेळ होता, म्हणून तोआकासे पाद्रींच्या बायकोकडे जाऊन बसली, हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी पाद्रीबुवांनी सगळ्यांसमोर माकाच्या घराचे आभार मानले. बेटाबेटांवरून येणाऱ्या पाहुण्यांपुढे आता गावाची मान ताठ राहील, म्हणाले. बाया वळून वळून लेसिएलीकडे बघत होत्या. कुणी तिचा खांदा दाबला. ज्यांनी आजवर तिला चिक्कू म्हणून नावं ठेवली, त्याच सगळ्यांत पुढे. ती घरी आली ती चर्चच्या पांढऱ्या कपड्यांतच माझ्याजवळ मातीत बसली. कपडे खराब होतील याचंही तिला भान नव्हतं. तेव्हा मी घाबरले.

तिनं माकाला तीन रिंगा दिल्या.

त्याचा फोन लगेच आला. बहिणीकडून त्याला सगळं आधीच कळलं होतं. मुकादमानंही त्याचं कौतुक केलं होतं, तोही आमच्या बेटाचाच.

"माका, मी खोटं बोलले रे."

तो म्हणाला, "आता ते खरं करावं लागेल."

नंतर म्हणाला की पुढच्या हंगामाची नावं घेताहेत, आपलं देऊन टाकतो. लूपेला काय आणू, विचार. लूपेनं चॉकलेट सांगितलं.

सातेकीला बातमी लागायला वेळ लागला नाही. लग्न काही थांबणार नव्हतं. त्यानं दुसरं डुक्कर पाहिलं आणि इंजिन त्या डुकराच्या धन्याला दिलं. मयतात भेटलेल्या तोआकासेजवळ मात्र त्यानं मन मोकळं केलं, की तुझी भावजय शब्दाची कच्ची निघाली. तेव्हा कुठे तिला इंजिनाचं कळलं. सुतक संपण्याची वाट न बघता ती पुन्हा आली आणि या खेपेला पंखासुद्धा काढला नाही.

"मला आधी का नाही सांगितलंस? भावाच्या होडीचं इंजिन मी मयताला नेलं असतं होय?"

"तुम्ही मागितल्यावर कारण सांगायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही, वन्सं."

तोआकासे उभीच राहिली. मग खाली बसली, लेसिएलीच्या पुढ्यातली किसणी ओढून घेतली आणि खोबरं किसू लागली. नणंद भावजयीच्या अंगणात खोबरं किसतेय, असं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. पिळायला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त खोबरं किसून झालं, तरी लेसिएलीनं तिला पुरे म्हटलं नाही.

आणि मग गेल्या रविवारी ती गोष्ट घडली. प्रार्थना संपली, पाद्रीबुवा चष्मा पुसत होते, तेवढ्यात लेसिएली उठून उभी राहिली. म्हणाली, "मी खोटं बोलले होते. डुकरीण देवाची नाही, आमच्या इंजिनाची आहे." मग आधी पाद्रीबुवाच हसले, पोट हलवून हसले. म्हणाले की देवाचे पहिले चेले कोळीच होते, त्याला होडीचा राग कशाला येईल. पाहुण्यांना मासे वाढू. अख्खं चर्च हसलं. तोआकासे सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि म्हणाली, दुसरं इंजिन मी शोधते.

आज माझ्या मागच्या पायाला दोरी आहे. दोरीचं दुसरं टोक नीरफणसाच्या बुंध्याला आहे. समोर पोरं भट्टीचा खड्डा खणून दगड रचताहेत, आणि पाहुण्यांच्या पहिल्या गाडीनं रस्त्यावर धूळ उडवलीय. लूपे मघाशी येऊन मला चिकटून बसली होती. लेसिएली आली नाही. ती आत पानं पुसतेय.

पाहुण्यांनो, तुमच्यावर माझा राग नाही. लांबून आलात, पोटभर जेवा. फक्त पानात काही टाकू नका. मला वाढवताना एका बाईनं काहीही वाया जाऊ दिलेलं नाही. आणि घास कडक लागला तर कुरकुर करू नका, तुम्ही एक इंजिन खाताय.

येते मी. तेवढं गेल्या रविवारचं चर्चमधलं मी रचून सांगितलं, बाकी सगळं खरं. मला चर्चमध्ये कोण घेणार? मी बाहेर भिंतीला लागून पडले होते. आत कुणी उठलं नाही, कुणी हसलं नाही. तिथून गाणंच काय ते ऐकू येतं. शंभर गळ्यांतून मी लेसिएलीचा आवाज ओळखते. एका ओळीला तो मधेच तुटला, आणि पुढच्या ओळीला पुन्हा लागला, आधीपेक्षा मोठ्यानं.